नवा बबल टिप ॲनिमोन एका जागी थांबत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याचं, प्रवाळांचं मत्स्यालय) बबल टिप ॲनिमोन सोडलाय, म्हणजे शुंडक्यांच्या टोकांना फुगे असणारा समुद्री प्राणी. टँक तीन फुटी, वर्षाहून जुना. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६ अंश (चिलरच्या कृपेने, ठाण्यात दुसरा इलाज नाही), नायट्रेट १० पीपीएमच्या आत. सोडण्याआधी टँकचं पाणी थेंबथेंब घालून त्याला सवय करून दिली, लाइट मंद ठेवले. पहिल्या रात्री कपारीत पाय रोवला, वाटलं जमलं. आता साहेब काचेवर चढलेत आणि वेव्हमेकरकडे (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) सरकतायत, आत ओढले गेले तर चिंध्या होतील!

तब्येत तशी बरी वाटते. तोंड घट्ट मिटलेलं, शुंडके चिकट आहेत. पण टोकांचे फुगे गेले, शुंडके बोटांसारखे लांब झालेत. संध्याकाळी अंग चोरून तपकिरी चिकट धागे बाहेर टाकतो, सकाळी पुन्हा फुगतो. ही नुसती विष्ठा, की त्याच्या अंगात राहणारं शैवाल बाहेर पडतंय? रंग अजून फिका पडलेला नाही.

वेव्हमेकरला स्पंजचं कव्हर घातलंय, पण प्रवाह फारच मंदावलाय. तुम्ही काय करता? रात्री बंद ठेवला तर ऑक्सिजनचं काय? वाटेत हॅमर कोरल (एक प्रवाळ) आहे, दोघांनी एकमेकांना डंख मारू नये म्हणून तो आधीच हलवू का? ॲनिमोनला हाताने सोडवायचं धाडस नाही, पाय फाटला तर संपलंच.

क्लाऊनफिशची जोडी त्याला सारखी घासतेय. तिला काही दिवस वेगळं ठेवावं का? दुकानदार म्हणतो रोज कोळंबी भरवा, मला ते पटत नाही. स्थिरावेपर्यंत उपाशी ठेवला तर चालेल ना?