गायरानावरचे उपाशी घोडे: चारा टाकायचा की हात आवरायचा?

माळावरची
आमच्या घरामागच्या गायरानावर अकरा घोडे आहेत. थंडी पडायच्या आधी कुणीतरी आणून सोडले, ते पुन्हा फिरकलेलं नाही. गवत बुडख्यापर्यंत कुरतडून झालंय, उरलंसुरलं दंवानं करपलंय. एका पांढऱ्या घोडीचे पुठ्ठे इतके खोल गेलेत की शेपटीचं हाड वेगळं उठून दिसतं. काल दोघं कुंपणाच्या खांबाची साल दातांनी सोलून खात होते.

तक्रार करून सात दिवस झाले. 'मालकाचा शोध चालू आहे' एवढंच उत्तर मिळतं. वर फाटकावर पाटी लागली: 'घोड्यांना खायला घालू नये.' मी पाटी वाचली आणि वाळल्या गवताचे दोन भारे आत टाकले. पुन्हा टाकणार आहे. मालक सापडेपर्यंत जनावरानं खायचं काय? मी चुकतेय असं वाटत असेल तर कारण सांगा, नुसतं 'नियम आहे' म्हणू नका.

जुना मोतद्दार
ताई, कारण सांगतो. तुम्ही वाळलं गवत टाकलंत, पण तुमच्या मागून येणारा काय टाकतो ते बघा. शिळे पाव, भाज्यांची सालं, बागेत यंत्रानं कापलेल्या हिरवळीचे ढीग. घोड्याला ओकारी होत नाही, पोटात गेलं ते पुढेच जायला हवं. ओलं कापलेलं गवत ढिगात तापतं, आंबतं. भुकेला घोडा ते न चावता गिळतो आणि रात्री पोटशूळानं लोळायला लागतो. वाळका पाव घशात अडकतो.

फाटकाशी खायला मिळतं हे कळलं की कळप तिथेच ठाण मांडतो, आणि फाटकापलीकडे रस्ता असतो. रात्री घोडा गाडीवर आला की घोडाही जातो आणि माणूसही. हे मी पाहिलेलं आहे. शिवाय सोडून जाणारा दुरून बघतच असतो. लोक फुकट पोसतायत म्हटल्यावर पुढच्या हिवाळ्यात अकराचे वीस होतील. पाटी बरोबर आहे.

तोबरा
मी तीन वर्षांपूर्वी एक घोडी माझ्या हातानं मारली. दुसरा शब्द मला सापडत नाही.

अशीच रानात सोडलेली, नुसता सांगाडा. तिला पागेत आणलं, तोबरा भरून चंदी, म्हणजे दाणा, बांधली. सकाळ-संध्याकाळ. दोन दिवस माझी चाहूल लागली की कान टवकारायची. चौथ्या दिवशी मागचे पाय थरथरायला लागले, पाचव्या दिवशी आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, उपासानं नाही, चंदीनं गेली.

उपासमारीत शरीर आधी चरबी जाळतं, मग स्नायू. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे रिते होतात. अशा वेळी दाण्यातलं पिष्ट एकदम मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातले उरलेले क्षार पेशींमध्ये ओढले जातात. मग हृदय दगा देतं. दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेल्या कैद्यांना भरपेट जेवण दिल्यावर त्यांतले काही असेच दगावले होते.

डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उपाशी घोड्यांवर वेगवेगळे चारे वापरून पाहिले गेले. त्यात लसूणघास सगळ्यांत बरा ठरला: पिष्ट कमी, प्रथिनं, फॉस्फरस, मॅग्नेशियम जास्त. पहिले ३ दिवस दर ४ तासांनी साधारण अर्धा किलो, बस्स. मग हळूहळू वाढवत १० दिवसांनी पोटभर. हे मला तेव्हा माहीत असतं तर ती आज चरत असती. माझं म्हणणं एवढंच: चारा घाला, पण दाणा नको, आणि त्या पांढऱ्या घोडीला डॉक्टर दाखवल्याशिवाय नुसतं गवतही पोटभर नको.

रानगवत
एक वेगळी बाजू मांडतो. बारमाही उघड्यावर राहणारी काटक तट्टं हिवाळ्यात थोडी रोडावतातच, वसंतात भरून येतात. ते निसर्गाचंच चक्र आहे. त्यांना बारा महिने गोलमटोल ठेवलं तर खुरांचे आजार होतात. प्रत्येक बारीक घोडा पाहून 'छळ' म्हणणं अन्यायाचं आहे. लोकांनी चांगल्या मालकांच्या नावानंही बोंब मारलेली मी पाहिली आहे.

माळावरची
@रानगवत, खांबाची साल खाणं हे निसर्गाचं चक्र?

रानगवत
नाही. ते मी नाकारत नाही. मी म्हणतोय, लांबून ठरवू नका. गंमत उलटीही होते: हिवाळी केस इतके दाट असतात की बरगड्या झाकल्या जातात आणि मरायला टेकलेला घोडाही धडधाकट दिसतो. हात फिरवल्याशिवाय कळत नाही. मान, वशिंडाची जागा, खांदा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ. या सहा ठिकाणी चाचपून १ ते ९ गुण द्यायची पद्धत १९८३ सालापासून आहे, १ म्हणजे सांगाडा. जवळ जाता येत नसेल तर दर दोन दिवसांनी एकाच बाजूनं, एकाच जागेवरून फोटो काढा, तारखेसकट. 'बिचारे उपाशी आहेत' या फोनपेक्षा असे सहा फोटो तक्रारीत जास्त काम करतात.

आणि पाणी बघा. सगळे चाऱ्याबद्दलच बोलतायत. घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागतं. डबकं गोठलं, त्यात वाळलं गवत पोटात गेलं, की आतड्यात गोळा बसलाच म्हणून समजा. आधी बर्फ फोडा, मग भारा टाका.

एक माजी मालक
सगळे मालकाला शिव्या घालतायत म्हणून लिहितो. धंदा बुडाला तेव्हा माझ्याकडे दोन घोडे होते. ४०० किलोच्या घोड्याला रोज ६ ते ८ किलो सुकं वैरण लागतं. विकायला गेलो तर कुणी फुकट घेईना. म्हातारा झालेला, दातानं चावता न येणारा घोडा कोण घेतो? मी सोडले नाहीत, पण सोडायचा विचार तीन रात्री केला. शेवटी एका संस्थेनं नेले, तेही दोन महिने हातापाया पडल्यावर. दंडाच्या भीतीनं माणूस समोर येत नाही, रात्री येऊन सोडून जातो. घोडा सोपवायला जागा द्या, मग कायदा दाखवा.

जुना मोतद्दार
दादा, तुमची अडचण खरी. पण तिथे अकरा आहेत. ही गरिबी नव्हे, ही पैदास आहे. नरांचं खच्चीकरण न करता ते माद्यांत सोडले असणार. घोडी ११ महिने गाभण असते. वसंतात फळली तर शेवटचे महिने, म्हणजे पोटातलं शिंगरू सगळ्यांत झपाट्यानं वाढतं तेव्हा, नेमके ऐन हिवाळ्यात येतात. तिच्या हाडांतून शिंगरू वाढतं. मालक शोधणं म्हणूनच महत्त्वाचं.

इंग्लंडनं २०१५ साली कायदा केला: परवानगीशिवाय सोडलेला घोडा जमीनमालकानं ताब्यात घ्यायचा, २४ तासांत पोलिसांना कळवायचं, ९६ तासांत दावेदार आला नाही तर घोडा त्याचा. अशी मुदत हवी. 'शोध चालू आहे' ला मुदत नसते.

तोबरा
९६ तासही ठीकच, पण त्या चार दिवसांत कोण खाऊ घालणार हा ताईंचा प्रश्न तसाच राहतो. शिवाय सामायिक जमिनीवर मालकाला चराईचा हक्क असेल तर 'परवानगीशिवाय सोडला' हे सिद्धच होत नाही. तिथे क्रूरतेची तक्रार करावी लागते, आणि तिला पुरावा लागतो.

जुना मोतद्दार
मान्य. मग निदान फाटकापासून लांब, आत टाका. आणि एकाच ढिगात नको. दांडगे लाथा घालून दुबळ्यांना हाकलतात, तुमचं गवत ज्याला गरज नाही तोच खातो. घोडे जितके, त्याहून एक ढीग जास्त, लांब लांब.

माळावरची
आज पहाटे डबक्यावरचा बर्फ फोडला. बारा ढीग घातले, टेकाडापलीकडे. पांढरी शेवटच्या ढिगापाशी आली. दांडगा तपकिरी तिला हाकलायला आला, पण मधे रिकामा ढीग दिसला आणि तो तिकडे वळला. तिनं मान खाली घातली ती वीस मिनिटं वर केली नाही. डॉक्टर उद्या येतायत, तोवर तिचं गवत मी मोजून वेगळं ठेवलंय. फोटो काढलेत. जवळून पाहिल्यावर तिचं पोट मला वेगळं वाटलं, @जुना मोतद्दार. गाभण असेल तर पहिल्या तीन दिवसांचं माप तेच ठेवायचं का?

जुना मोतद्दार
माप डॉक्टरांनाच ठरवू द्या. गाभण घोडी फार दिवस उपाशी राहिली की चरबी रक्तात उतरते, ते वेगळं दुखणं आहे. गाढवं, तट्टं, गाभण घोड्या यांना लवकर होतं. तिनं खाणं सोडलं तर उद्याची वाट बघू नका, आजच फोन करा. पाटीबद्दल माझं मत तेच आहे.