रेवदंडा-चौलमध्ये गरम पाण्याच्या टबवालं कॉटेज हवंय

नमस्कार, आम्ही ठाण्याहून गाडीने पेण-वडखळमार्गे रेवदंड्याला दोन रात्री जातोय. 1740 मध्ये मराठ्यांकडे आलेल्या पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातच गाव वसलंय, म्हणून बाबांना तिथेच राहायचंय. चौलच्या रामेश्वराचं दर्शनही घ्यायचंय.

आईचे गुडघे फार दुखतात, गरम पाण्यात बसलं की तिला खरंच बरं वाटतं. फोटोत सगळीकडे जकूझी दिसते, पण पाणी प्रत्येक पाहुण्यामागे बदलतात का? वीज गेली तर जनरेटरवर तापतं का? टबला पायरी आणि धरायला दांडी हवीच. गुळगुळीत लादीवर तिला उतरवायची मला भीती वाटते.

स्वतः राहून आलेल्यांनीच कृपया सांगा. घरगुती जेवण मिळालं तर उत्तम.