मदत हवी आहे: मंदीनंतर राज्य सरकारं बजेटचा मेळ परत कसा बसवतात?

मंडळी, कॅलिफोर्नियाचं वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. 2009 मधे तिजोरीत इतका खडखडाट की राज्याने पैशाऐवजी 'नंतर देऊ' अशा चिठ्ठ्या वाटल्या (सरकारची उधारी!), मग खर्चाला कात्री, शाळा-कॉलेजांचे पैसे कमी, आणि 2012 ला मतदान घेऊन श्रीमंतांचा इन्कम टॅक्स आणि सोबत सेल्स टॅक्सपण पाव टक्का वाढवला, 2014 ला राखीव फंडाचा नियम कडक केला. आता तूट नेमकी भरली कशाने, नवीन टॅक्सने की शेअर बाजार वर गेल्यावर श्रीमंतांची कमाई वाढून आधीचाच टॅक्स जास्त आला म्हणून? कपातीला जरा जास्तच श्रेय देतात असं मला वाटतं. हे वेगवेगळं कसं मोजतात, पब्लिक फायनान्सवालं कुणी आहे का इथे?