स्टॅक म्हणजे नुसता अ‍ॅरे?

अर्धविराम : ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट डेटा टाइप हे परीक्षेपुरते पाठांतर आहे; स्टॅक म्हणजे एक अ‍ॅरे (सलग घरांची मांडणी) आणि एक टॉप (सगळ्यात वरच्या घटकाची खूण), विषय संपला,’ असे खटपट्या यांनी काल ठणकावले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. अ‍ॅबस्ट्रॅक्ट डेटा टाइप म्हणजे डेटावर कोणत्या क्रिया करता येतात एवढेच सांगणारा करार; तो आत कसा साठवला, हे त्यात येत नाही. पुश (वर ठेवणे), पॉप (वरचे काढणे) आणि शेवटी आलेले आधी बाहेर जाणे, एवढा करार म्हणजे स्टॅक. आत अ‍ॅरे आहे की लिंक्ड लिस्ट (एकमेकांना दुव्यांनी जोडलेले घटक), याची वापरणाऱ्याने चौकशी करू नये, हेच तर संगणकशास्त्रज्ञ लिस्कोव्ह आणि झिलेस यांनी १९७४ मध्ये मांडले. आपण सी भाषेवाले, फाइल-पॉइंटर (उघडलेल्या फाइलचा हवाला) मात्र आत न डोकावताच वापरता ना?

खटपट्या : आत डोकावलो नाही म्हणूनच तोंडघशी पडलो. पायथनची लिस्ट रांग म्हणून वापरली आणि पुढचा घटक पॉप(०) ने काढत राहिलो. दर वेळी उरलेले सगळे घटक एकेक घर सरकतात हे नोंदी शेकड्यांत होत्या तोवर जाणवले नाही, पण त्या लाखांत गेल्यावर रात्री लावलेले काम सकाळच्या चहालाही चालूच होते. तुमच्या करारात वेळेचे कलम कुठे आहे?

अर्धविराम : कलम घालता येते, सी++च्या प्रमाणकात ते आहेच. आपण रांग लिहिलीच नव्हती, उघडी लिस्ट गावभर फिरवली होती. तिच्या जागी डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) बसवताना किती ठिकाणी हात घालावा लागला?

खटपट्या : सतरा. पुढे बोला.

कंसमामा : जावाचा स्टॅक व्हेक्टरचा (वाढत्या अ‍ॅरेचा) वारस असल्यामुळे त्याच्या तळाशीही वस्तू सरकवता येते, आणि जावाचेच दस्तऐवज त्याऐवजी डेक वापरा म्हणतात. एका मुलाखतीत मी अ‍ॅरेडेक (जावाचाच एक डेक) लिहिला, तर ‘स्टॅक येत नाही’ असा शेरा मारून मला घरी पाठवले! जावातला तो स्टॅक क्लास काढूनच टाकावा.

फळा-खडू : काढून टाका म्हणायला आपले काय जाते? त्यावर उभा असलेला इतक्या वर्षांचा कोड आपण दुरुस्त करून देणार आहात काय?

कंसमामा : म्हणजे चूक जुनी झाली की तिला निवृत्तिवेतन सुरू करायचे.

फळा-खडू : उपहास पुरे. मी अर्ध्या वर्गाला अ‍ॅरेवर आणि अर्ध्याला लिंक्ड लिस्टवर स्टॅक लिहायला लावते आणि कंस जुळवणारा (उघडता कंस पुश आणि मिटता आला की पॉप करणारा) एकच प्रोग्राम दोन्हींवर चालवते. त्यातली एक ओळही बदलावी लागत नाही. खटपट्या यांनी एकदा करून पाहावे.

खटपट्या : पाहिले, आणि ओळ बदलावी लागली नाही, हे मान्य. मात्र अ‍ॅरे शंभराचा होता. एकशे एकाव्या उघड्या कंसाला तो कोसळला आणि लिंक्ड लिस्टवाला चालत राहिला. हे करारात कुठे लिहिले होते, तेवढे सांगा.