नेणिवेवर काम करणारी थेरपी : नेमकी कुठली निवडावी?

शेवंती_२
नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे. मागे पॅनिक अटॅक यायचे. सीबीटी (सध्याचे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) केली, अटॅक थांबले. पण कुणी जवळ यायला लागलं की मी काहीतरी खुसपट काढते आणि नातं तोडून मोकळी होते, ते मात्र जसंच्या तसं आहे. लहानपणी आई बराच काळ आजारी होती आणि घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मूळ तिथे असावं असं वाटतं. म्हणून भूतकाळाच्या मुळाशी जाणारी थेरपी करायची आहे.
अट : आठवड्याला एकच सेशन, आणि सहा महिन्यांच्या वर खर्च झेपणार नाही. मनोविश्लेषण, सायकोडायनॅमिक (मनोविश्लेषणातूनच निघालेली थेरपी), युंगची पद्धत, संमोहन, यांतलं काय?

गवाक्ष
करायचं तर अस्सल मनोविश्लेषणच करा. आठवड्याला चार-पाच वेळा, कोचावर आडवं होऊन, मनात येईल ते न गाळता बोलायचं. विश्लेषक डोक्यामागे बसतो. लोकांनी दिवसभर आपल्याकडे टक लावून बघणं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याला सोसत नसे, हे त्यानंच लिहून ठेवलंय. पण खरा फायदा आपला होतो. समोरचा चेहरा दिसत नाही, मग आपण आपल्याच मनातला चेहरा त्याला देतो. मी बरीच वर्षं केलं, आयुष्य फिरलं माझं.

शेवंती_२
धन्यवाद. पण चार वेळा जमणार नाही, वर लिहिलंय.

गवाक्ष
मग थांबा, पैसे साठवा आणि नंतर करा. अर्धवट करू नका.

तर्कट
सीबीटीनं एकदा गुण आलाय ना? मग पुन्हा तिथेच जा आणि या वेळी नात्यांचा प्रश्न घेऊन बसा. सीबीटीचा जनक ॲरन बेक स्वतः मनोविश्लेषक होता. नैराश्याच्या रुग्णांची स्वप्नं तपासायला बसला तो नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, ही फ्रॉइडची मांडणी सिद्ध करायला. तिथे तो राग सापडेना, सापडली ती हानीची आणि अपयशाची भावना. तिथून त्यानं वाट बदलली. मानसशास्त्रज्ञ आयसेंकनं तर १९५२ मध्येच मनोविश्लेषणाचे दावे खोडले होते.

मीमांसा
१९५२ नंतर बरंच संशोधन झालंय हो! मानसशास्त्रज्ञ शेडलरचा २०१० चा आढावा वाचा. सायकोडायनॅमिक थेरपीचा परिणाम इतर मान्य उपचारांच्या तोडीचा आहे आणि थेरपी संपल्यावरही सुधारणा वाढत राहते, असं त्यात आहे.

तर्कट
त्या आढाव्यावर टीकाही झाली आहे. कुठले अभ्यास निवडले तेही बघा.

पाऊलवाट
एवढं कशाला? संमोहनातून रिग्रेशन (मनानं मागच्या काळात परत जाणं) करा. मला पहिल्याच बैठकीत अगदी तान्हेपणीचं दिसलं, मागच्या जन्मातलंही दिसलं. मन पिसासारखं हलकं झालं. तुमच्या सहा महिन्यांतही बसेल.

ऋतुगंध
कृपा करून हे करू नका. मलाही संमोहनात एक ‘आठवण’ आली होती, काकांनी मला अंधाऱ्या खोलीत कोंडल्याची. उपचार करणाऱ्यानं ती खरीच धरून चालवली. मी काकांशी बोलणं तोडलं. पुढे कळलं की काका त्या काळात घरी राहतच नव्हते. तोपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.
१९९५ मध्ये स्मृतीवर संशोधन करणाऱ्या लॉफ्टस आणि पिकरेल यांनी २४ जणांना ‘लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात’ अशी बनावट हकिकत, घरच्यांनी सांगितली म्हणून दिली. सुमारे पाव लोकांना ती थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’, आणि तीही संमोहनाशिवाय. फ्रॉइडनं स्वतः संमोहन सोडून दिलं होतं.

पाऊलवाट
माझा अनुभव खोटा ठरवणारे तुम्ही कोण? मला बरं वाटलं, हे तर खरं आहे ना?

मीमांसा
बरं वाटणं खरं असेल. आठवण खरी आहे, हे त्यावरून ठरत नाही. पूर्वजन्माला तर काहीच आधार नाही.

सावली
मी या क्षेत्रात शिकते आहे. शेवंतीताई, तुमच्या अटीत बसणारं अजून कुणीच सांगितलं नाही. मुदतीच्या सायकोडायनॅमिक पद्धती असतात. डायनॅमिक इंटरपर्सनल थेरपी साधारण १६ सेशनची असते. कॉग्निटिव्ह ॲनालिटिक थेरपी बहुधा १६ किंवा २४ सेशनची. तिच्यात थेरपिस्ट तुमच्या आयुष्यातल्या त्याच त्या वळणांबद्दल तुम्हाला चक्क पत्र लिहून वाचून दाखवते. शेवट कधी, ते सुरुवातीलाच ठरतं. नाती अचानक तोडणाऱ्या माणसाला ठरवून, बोलून घेतलेला निरोप अनुभवायला मिळणं हाही उपचारच आहे.
आणि हे नक्की होणार : तुम्ही थेरपिस्टमध्येही खुसपट काढाल. यालाच ट्रान्सफरन्स म्हणतात, जुनं नातं नव्या माणसावर उमटतं. तेव्हा सेशन रद्द करू नका. तिथे बसून तेच बोला, सगळं काम तिथेच होतं.
पहिल्या भेटीत विचारा : शिक्षण कुठलं, स्वतः थेरपी घेतली आहे का, सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टची कामावर देखरेख) कोणाचं, चुकलेल्या सेशनचे पैसे लागतात का. जुनं उकरताना जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर पुढच्या सेशनची वाट न बघता लगेच कळवायचं.

गवाक्ष
१६ सेशनमध्ये तर माझं नुसतं रडणंही संपलं नव्हतं.

निनाद_के
सावली, अनुमोदन. सुपरव्हिजनचं विचाराच. मी विचारलं नव्हतं, आणि आमचे थेरपिस्ट अर्धा वेळ स्वतःच्याच घटस्फोटाबद्दल बोलायचे.

मीमांसा
सावलीशी सहमत. मुदतीचीच घ्या.

तर्कट
चला, मुदतीच्या थेरपीला माझीही हरकत नाही.

शेवंती_२
सगळ्यांचे मनापासून आभार. दोघींना भेटले. पहिल्या १६ सेशनवाल्या. प्रश्न नेमके, मांडणी स्वच्छ, पण मी तिथे तोंडी परीक्षेला बसल्यासारखी पाठ केलेली उत्तरं देत होते. दुसऱ्या युंगच्या परंपरेतल्या, स्वप्नांवर काम करणाऱ्या, मुदत वगैरे काही नाही. सावलीनं दिलेले प्रश्न मी त्यांना जरा उलटतपासणीच्या सुरातच विचारले. सगळ्यांची उत्तरं दिली आणि मग त्यांनी विचारलं, “आत्ता उठून जावंसं वाटतंय का?” वाटत होतं. तसं सांगितलं, आणि बसून राहिले.
त्यांच्याकडे जायचं ठरवलंय. आठवड्यातून एकदाच. तीन महिन्यांनी आढावा, आणि थांबायचं झालं तर महिनाभर आधी सांगायचं, एवढं बोलून घेतलंय.

सावली
युंगच्या पद्धतीवर संशोधन कमी आहे, हे लक्षात असू द्या. पण थेरपिस्टशी जुळणारं नातं आणि उपचाराचा गुण यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत सातत्यानं दिसलाय. त्या प्रश्नानंतर तुम्ही बसून राहिलात, म्हणजे कामाला सुरुवात झालीच.

गवाक्ष
युंग १९१३ मध्येच फ्रॉइडपासून वेगळा झाला, ते मनोविश्लेषण नव्हे. पण जा.

तर्कट
आढावा घेणार तर आजच लिहून ठेवा : सध्या कोणाकोणाशी बोलणं बंद आहे, कशावरून झालं, शेवटचं कोण काय बोललं. तीन महिन्यांनी तोच कागद काढून त्यांच्यासमोर ठेवा, नाहीतर नुसत्या स्वप्नांवरच गप्पा होतील.