डिशवॉशरवर ई२४: पाणी उपसत नाही, फिल्टर तर स्वच्छ आहे

ओटा_आवरा
मशीन १३ सेटिंगचं (१३ जणांची भांडी मावतील एवढं), ड्राय बाल्कनीत, ४ वर्षं जुनं. दोन दिवस झाले, मध्येच थांबतं आणि डिस्प्लेवर ई२४ येतं. तळाला फिल्टर बुडेल इतकं गढूळ पाणी. फिल्टर काढून घासला, फरक शून्य. बंद करून चालू केलं की कोड जातो, पण पाणी बाहेर टाकायची वेळ आली की पुन्हा तिथेच अडतं. ड्रेन पाइप सिंकखालच्या बॉटल ट्रॅपला (सांडपाण्याच्या पाइपवरच्या बाटलीसारख्या भागाला) जोडलेला आहे. मेकॅनिक पुढच्या आठवड्यात येणार. तोवर घरी काय बघता येईल? पंप गेला असेल का?

पाना_पक्कड
इतक्यात पंपावर खापर फोडू नका. बोर्डाला काय जाणवलं तेवढंच कोड सांगतो, कोणता भाग बिघडला ते सांगत नाही. बॉश-सीमेन्सच्या मशीनांत ई२४ म्हणजे ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही, बस. एलजीवर हेच ओई म्हणून दिसतं, सॅमसंगवर ५सी किंवा ५ई. अडथळा फिल्टरखालच्या खळग्यापासून सिंकच्या ट्रॅपपर्यंत कुठेही असू शकतो.

म्हणून शोध सिंकच्या टोकाकडून सुरू करा, मशीन ओढायची घाई नको. बॉटल ट्रॅपवरची क्लिप सैल करून ड्रेन पाइप काढा आणि टोक बादलीत धरा. मग रिसेट करा: बऱ्याच मॉडेलवर स्टार्टचं बटण साधारण ३ सेकंद दाबून धरायचं. बटणं दाराच्या वरच्या कडेला असतील तर दाबून लगेच दार लावा. पंप मिनिटभर फिरतो. त्या मिनिटात कान मशीनकडे आणि डोळे बादलीकडे.

धार जोरात आली तर मशीन ठणठणीत आहे, ट्रॅपची नळी तुंबली आहे. तिथे तेल-तुपाचा पांढरा थर बसतो, जुन्या टूथब्रशने निघतो. मध्यंतरी प्लंबरने ट्रॅप बदलला असेल तर हेही बघा: नव्या ट्रॅपच्या त्या नळीचं तोंड आतून प्लास्टिकने बंद असतं, ते कापायचं राहून जातं.

पंप एकसारखा घुमतोय पण पाणी बोटभर येतंय, तर पाइप मशीनमागे दुमडला किंवा आतून चिकटला आहे. घरघर किंवा खडखड ऐकू आली तर पंपाच्या पात्यात काहीतरी अडकलंय. आवाजच नाही, तर मात्र पंप किंवा वायरिंग. तिथे थांबा आणि मेकॅनिकची वाट बघा.

सरळ_उपाय
एवढा खटाटोप कशाला? ड्रेन क्लीनरची पुडी ओता, अर्ध्या तासाने रिसेट मारा.

पाना_पक्कड
@सरळ_उपाय, सिंकच्या पाइपला ठीक, मशीनच्या पोटात अजिबात नको. पुडीत कॉस्टिक असतं. पाणी पुढे जातच नाहीये, म्हणजे ते रबरी सीलवर आणि पंपावर तसंच बसून राहणार. पंपाचं झाकण काढायला त्याच पाण्यात हात घालायचाय, हे वेगळंच. आणि ॲसिडवालं क्लीनर असेल तर स्टीलचा टबही खराब होईल. शिवाय पंपात लिंबाची बी वगैरे अडकली असेल तर ती कॉस्टिकने विरघळत नाही.

जाळी_आणि_गाळ
पंपाचं झाकण कसं काढायचं ते लिहिते, कारण तिथेच लोक घाबरतात.

आधी प्लग काढा आणि अँगल कॉक बंद करा. खालचा रॅक बाहेर घ्या. फिल्टरचा उभा डबा घड्याळाच्या उलट फिरवून उचला, मग खालची चपटी जाळी. साचलेलं पाणी वाटीने आणि शेवटी स्पंजने काढा, तळ दिसलाच पाहिजे. फिल्टरखालच्या खळग्यात एका बाजूला प्लास्टिकचं लहानसं झाकण दिसेल, तेच ड्रेन पंपाचं. चमच्याच्या दांड्याने कड उचला, झाकण तिरकं करून आत ओढा की निघतं. मागे पातं असतं. रबरी मोजा घालूनच बोट घाला, काचेची कपची तिथेच लपते. पातं फिरवून बघा. ते सरळ गरगरत नाही, थोडं अडत अडत, टप्प्याटप्प्याने फिरतं. आतल्या चुंबकामुळे तसं होतं, तो दोष नाही. अजिबात हललं नाही तर अडकलंय.

आपल्याकडे सापडणारा ऐवज ठरलेला: लिंबाच्या बिया, कढीपत्त्याचे देठ, बाटलीच्या लेबलचा लगदा, फुटलेल्या ग्लासची कपची. शाबूत फिल्टरमधून या गोष्टी जात नाहीत. डबा पूर्ण फिरवून बसवलेला नसला की जाळीशी फट राहते आणि तिथून उतरतात. फिल्टर बसवल्यावर दोन्ही बाणांच्या खुणा समोरासमोर आल्यात का ते बघा.

झाकण परत लावताना ‘कट्’ असा आवाज यायलाच हवा. नीट बसलं नाही तर ई२५ येतो आणि माणूस म्हणतो, एक दुरुस्त केलं तर दुसरंच निघालं.

ओटा_आवरा
बादलीत पाणी बारीक आलं आणि घरघर होती. झाकण काढलं तर लिंबाची बी आणि काचेचा तुकडा. दोन्ही काढले, झाकण कट् वाजलं. मग वास जावा म्हणून भांड्यांचं लिक्विड दोन चमचे टाकून मशीन रिकामंच फिरवलं. आता ई१५! पंप सतत चालू आहे, बंद करून चालू केलं तरी थांबत नाही.

पाना_पक्कड
लिक्विडनेच घात केला. डिशवॉशरची पावडर किंवा टॅबलेट फेस न होईल अशीच बनवतात. हाताने घासायच्या लिक्विडचा फेस टब भरून दारातून, फटींतून खालच्या तळपात्रात उतरतो. तिथे थर्माकोलचा तरंगता तुकडा आणि त्याला जोडलेला स्विच असतो. तुकडा वर उचलला गेला की मशीन गळती धरून चालतं: पाणी घेणं बंद, पंप चालूच. ते पाणी टबात नाही, टबाच्या खाली आहे. म्हणून पंप कितीही चालला तरी ते जात नाही.

कॉक बंद, प्लग बाहेर. टबातला फेस वाटीने काढा, अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर शिंपडा, फेस बसेल. मशीन पुढे ओढा. मागे जुने टॉवेल आणि परात ठेवा, आणि दोघांनी धरून मशीन साधारण ४५ अंश मागे कलंडवा. पाणी मागच्या कडेने येईल. एकट्याने करू नका, आणि इनलेट पाइपला ताण पडतोय का तेही बघा. सरळ करून तासभर ठेवा, मग प्लग लावा. कोड गेला की आधी रिसेटने टब रिकामा करा. साधं पाणी घेऊन दोनदा तरी खंगाळा, दर वेळी फेस दिसतो का बघा. वास घालवायला लिक्विड नको, टॅबलेट टाकून ७० अंशांचा प्रोग्राम रिकामा चालवा. आतलं तूप गरम पाण्यानेच सुटतं.

फेस नसतानाही एक-दोन दिवसांत ई१५ परत आला तर खरी गळती आहे: इनलेटचा जोड, दाराचं रबर किंवा पंपाजवळचं सील. तेव्हा मेकॅनिकच बोलवा. थर्माकोलचा तुकडा काढून ‘काम चालवायचा’ सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाणी वायरिंगपर्यंत जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

जाळी_आणि_गाळ
पाइप परत जोडताय तर एक गोष्ट. सिंकखाली नेताना पाइपला ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच वळसा द्या, मग खाली ट्रॅपकडे आणा. काहीजण तोच पाइप नहाणी ट्रॅपमध्ये जमिनीवर लोळता सोडतात. मग घेतलेलं पाणी सायफनने आपोआप वाहून जातं, मशीन भरतच नाही आणि ई१८ येतो. नळाला दाब कमी असेल तरीही हाच कोड, म्हणून वरच्या मजल्यावाल्यांची फसगत होते. टाकी डोक्यावर जेमतेम ३ मीटर असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास. बहुतेक मशीनांना किमान ०.५ लागतो. कॉकखाली बादली धरून मिनिटात १० लिटर भरतात का मोजा.

ओटा_आवरा
कलंडवल्यावर अर्धी परात पाणी निघालं. ई१५ गेला. दुसऱ्या खंगाळणीत फेस नव्हता, ड्रेन होताना धार जोरात. आता ७० अंशांचा रिकामा प्रोग्राम लावलाय.

पाना_पक्कड
छान. बादलीसाठी सैल केलेली ट्रॅपवरची क्लिप घट्ट केलीत ना? प्रोग्राम संपायच्या आत सिंकखाली कोरडा कागद ठेवून बघा.