आधी केमो झालेल्या रुग्णाला दोन औषधे एकत्र द्यावीत का?

प्रश्न (सांगलीहून):
माझ्या मावशीच्या स्तनाच्या कर्करोगावर पूर्वी शस्त्रक्रिया आणि डॉक्सोरुबिसिनची केमो झाली होती. आता यकृतात व हाडांत आजार पसरल्याचे निदान झाले आहे. एका डॉक्टरांनी डोसेटॅक्सेल आणि कॅपेसिटाबिन एकत्र देण्याचे सुचवले, तर दुसऱ्यांच्या मते एका वेळी एकच औषध पुरेसे आहे. मावशी अजून घरचे सगळे स्वतः पाहते. दोन औषधांनी आयुष्य खरोखर वाढते, की केवळ त्रास वाढतो?

उत्तर (कर्करोगतज्ज्ञ, नाशिक):
हीच दोन औषधे तपासणाऱ्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५११ स्त्रिया होत्या आणि सर्वांना आधी ॲन्थ्रासायक्लिन गटातील (मावशीला मिळालेले डॉक्सोरुबिसिन याच गटातले) औषध मिळालेले होते. एकत्रित उपचारात मध्यक आयुर्मान (निम्म्या स्त्रिया ज्यापेक्षा जास्त जगल्या तो काळ) १४.५ महिने आणि फक्त डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांत ११.५ महिने आढळले. मात्र फक्त डोसेटॅक्सेल घेतलेल्यांपैकी थोड्याच जणींना पुढे कॅपेसिटाबिन मिळाले. त्यामुळे तीच औषधे एकामागून एक दिली असती तर काय झाले असते, याचे उत्तर त्या चाचणीतून मिळत नाही. २००३ च्या एका अमेरिकन चाचणीत डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल एकत्र दिल्यावर जास्त स्त्रियांच्या गाठी आकसल्या (४७ टक्के, एकेकट्या औषधाने ३६ व ३४), पण आयुर्मान किंवा जगण्याचा दर्जा त्यामुळे सुधारला नाही.

म्हणून निर्णय आजाराच्या वेगावर ठरतो. आजार झपाट्याने वाढत असेल, धाप लागत असेल, म्हणजे पहिले औषध निकामी ठरल्यास दुसऱ्यासाठी वेळच उरणार नसेल, तर एकत्रित उपचार योग्य आहे. यकृत नीट काम करत असेल, तर मी स्वतः एकाच औषधाने सुरुवात करीन. त्याआधी हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ (गाठीच्या पेशींवरील प्रथिने, ज्यांवरून उपचार ठरतात) यांचा रिपोर्ट जरूर पाहावा, आणि शक्य असल्यास नव्या गाठीची बायोप्सी करावी, कारण हे गुणधर्म बदलू शकतात. हार्मोन पॉझिटिव्ह आजारात यकृताला तातडीचा धोका नसेल, तर केमोआधी हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्यांचे उपचार असतात.

उत्तर (पुण्याहून, आईची शुश्रूषा केलेली):
माझ्या आईला हेच दोन्ही एकत्र दिले होते. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दोन आठवडे घ्यायच्या आणि तिसरा आठवडा सुट्टी, असा क्रम होता. तळपाय लालबुंद होऊन भेगाळले, तेव्हा चप्पल घालणेही तिला जमेना. डॉक्टरांनी गोळ्या थांबवून पुढे मात्रा कमी केली आणि त्यानंतर त्वचा सुधारली. पाय दुखू लागताच कळवा, सहन करत बसू नका. घरात थर्मामीटर ठेवा आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा, कारण डोसेटॅक्सेलने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार खाली जातात.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. मावशी रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेते. त्याने काही बिघडते का?

उत्तर (कर्करोगतज्ज्ञ, नाशिक):
होय, हे डॉक्टरांना आधीच सांगा. कॅपेसिटाबिनमुळे वॉरफेरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्तचाचणी) वारंवार तपासावा लागतो किंवा रक्त पातळ करणारे औषध बदलावे लागते. कॅपेसिटाबिन शरीरातून बाहेर टाकणारे डीपीडी हे विकर (एन्झाइम) काहींमध्ये कमी असते आणि त्यांना नेहमीची मात्रा जिवावर बेतू शकते. त्याचीही तपासणी पहिल्या गोळीआधी करता येईल का, ते विचारा.